पॉवर बीआयचे रंग: ओलावा, आवक आणि चुकारा एकाच पानावर

आधी निकाल सांगते, मग कारणं. मायक्रोसॉफ्टच्या पॉवर बीआय डेस्कटॉप या तक्ते-चार्ट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये आकड्याप्रमाणे रंग बदलायची जी सोय आहे, कंडिशनल फॉरमॅटिंग, ती तक्त्यात उत्तम चालते आणि चार्टमध्ये मेहनत मागते. दोन्हीकडे तिचा उपयोग किती होईल हे तुम्ही मर्यादा कुठे लिहून ठेवता यावर ठरतं. एकच माप दाखवायचं असेल तर कोणतंही सॉफ्टवेअर काम भागवतं. खरी परीक्षा होते ती एकाच पानावर चार मापं आली आणि प्रत्येकाची चांगलं-वाईट ठरवायची रीत वेगळी असली, तेव्हा. माझ्या कामात ही गोष्ट रोजची आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत मी हिशेब आणि आकडेवारी सांभाळते. सोयाबीन, कापूस, तूर, हरभरा अशी आमची खरेदी. गावोगाव संकलन केंद्रं आहेत. केंद्रावर काटा, मॉइश्चर मीटर, चाळणी आणि मालाची प्रत तपासणारा एक ग्रेडर असतो. संध्याकाळी प्रत्येक केंद्राची एक्सेल फाईल माझ्याकडे येते: पीक, क्विंटल, ओलावा, काडीकचरा, भाव, आणि चुकारा, म्हणजे मालाचा पैसा, शेतकऱ्याच्या खात्यात गेला ती तारीख. सोमवारी संचालक मंडळ बसतं. सगळे शेतकरी आहेत, मूठभर सोयाबीन हातात घेऊन ओलावा सांगणारे लोक. आकड्यांना ते घाबरत नाहीत. पण शंभर आकड्यांचा कागद समोर आला, तर आधी कुठे बघायचं हे त्या कागदानेच सांगायला हवं, आणि तेच काम रंगाचं.

पूर्वी आमच्याकडे बाहेरून आलेली एक तयार फाईल होती. तिच्यात सगळ्या रकान्यांना एकच रंगपट्टी लावलेली होती. मोठा आकडा हिरवा, लहान आकडा लाल. बैठकीत एक काकाजी बराच वेळ तो कागद न्याहाळत बसले आणि मग म्हणाले, "ताई, आवक कमी झाली तं लाल, हे समजलं. पण ओलावा कमी झाला तं लाल काहून? हे तं चांगलं झालं न वो." एवढ्या एका वाक्यात सगळा विषय आला. आवक जितकी जास्त तितकी चांगली. चुकाऱ्याला लागलेले दिवस जितके कमी तितके चांगले. काडीकचरा कमीच हवा. ओलाव्याचं मात्र दोन्ही बाजूंनी बघावं लागतं. जास्त ओला माल गोदामात तापतो, बुरशी धरतो. फार वाळवला तर शेतकऱ्याचं वजन जातं आणि सोयाबीनचे दाणे हाताळताना फुटतात. चार मापांना चार वेगळ्या अटी हव्यात, आणि पानावर रंगांचा अर्थ मात्र एकच राहायला हवा. केशरी दिसलं की काहीतरी करायचं आहे, मग रकाना कोणताही असो.

पॉवर बीआयमध्ये अशा प्रत्येक मोजमापाच्या सूत्राला मेजर म्हणतात, आणि ते डॅक्स नावाच्या भाषेत लिहायचं असतं. मेजरचं नाव देवनागरीत ठेवता येतं. माझ्या फाईलमध्ये 'सरासरी ओलावा', 'एकूण आवक' अशीच नावं आहेत, आणि सूत्रातही ती चौकटी कंसात तशीच चालतात. उगाच इंग्रजी नावं देऊन बैठकीत त्यांचा अर्थ सांगत बसावं लागत नाही.

तक्त्यासाठी मॅट्रिक्स घ्यायचा. ओळींत केंद्रं, रकान्यांत मेजर. फॉरमॅटच्या पट्टीत सेल एलिमेंट्स हा भाग आहे. तिथे आधी कोणत्या मेजरला रंग द्यायचा ते निवडायचं, मग बॅकग्राउंड कलर सुरू करायचा आणि बाजूचं एफएक्सचं बटण दाबायचं. हे प्रत्येक मेजरला वेगळं करावं लागतं. सुरुवातीला कंटाळवाणं वाटतं, पण त्यातच या सोयीची ताकद आहे: ओलाव्याची अट आवकेच्या अंगावर येत नाही. पार्श्वभूमीचा रंग, अक्षरांचा रंग, आकड्यामागची आडवी पट्टी आणि चिन्ह, चारही गोष्टी एकाच रकान्यात वेगवेगळ्या अटींवर चालवता येतात. रंग फक्त केंद्रांच्या ओळींना द्यायचा की एकूण बेरजेच्या ओळीलाही, हेही तिथेच ठरवता येतं.

एफएक्स उघडलं की तीन रस्ते दिसतात. ग्रेडियंट म्हणजे फिकट ते गडद अशी चढती छटा. रूल्स म्हणजे अमुकपासून तमुकपर्यंत हा रंग. आणि फील्ड व्हॅल्यू म्हणजे रंगाचं नाव किंवा कोड परत देणारं एक मेजर तुम्हीच लिहायचं.

ग्रेडियंट दिसायला सुंदर असतो आणि आवकेसाठी मी तोच ठेवला आहे. पण त्यात दोन जागा नीट बघून घ्याव्या लागतात. पहिली म्हणजे सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा. ते आपोआप निघू दिले, तर ज्या आठवड्यात एका मोठ्या केंद्रावर आवकेचा पूर येतो त्या आठवड्यात बाकीची सगळी केंद्रं एकसारखी फिकट दिसतात, त्यांच्यातला फरकच कळत नाही. दोन्ही टोकं स्वतः ठरवून दिली की हे थांबतं. दुसरी जागा रिकाम्या आकड्यांची. पावसाने किंवा पोळ्याच्या सुटीने केंद्र बंद असलं की त्या दिवसाची आवक रिकामी असते. ती शून्य धरायची, तिला रंगच द्यायचा नाही, की तिचा वेगळा रंग ठेवायचा, असे तीन पर्याय मिळतात. आम्ही रंग न देण्याचा ठेवला आहे. बंद केंद्राला कमी आवकेचा रंग मिळाला, तर तिथल्या ग्रेडरला विनाकारण जाब द्यावा लागतो.

रूल्समध्ये एक गोष्ट सगळ्यांनी मनाशी पक्की धरावी. अटीच्या आकड्यापुढे नंबर की पर्सेंट असं निवडायचं असतं. ओलावा टक्क्यांत असतो म्हणून हात आपोआप पर्सेंटकडे जातो. पण इथल्या पर्सेंटचा ओलाव्याच्या टक्क्यांशी संबंध नाही. समोरच्या आकड्यांतला सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा यांच्यामधल्या अंतराचा तो हिस्सा आहे. समजा या आठवड्यात केंद्रांचा ओलावा ९ ते १५ आहे आणि '५० पर्सेंटच्या वर केशरी' अशी अट आहे. ९ आणि १५ यांच्या मध्यावर १२ येतो, म्हणून सगळं बरोबर दिसतं. पुढच्या आठवड्यात कडक ऊन पडलं, ओलावा ८ ते १० वर आला, तर तीच अट ९ वर येते आणि चांगल्या वाळलेल्या मालाला केशरी रंग चढतो. सॉफ्टवेअर त्याच्या नियमाने बरोबरच वागतं, पण काट्यावरच्या माणसापर्यंत चुकीचा हुकूम जातो. म्हणून इथे नेहमी नंबर निवडायचा.

रंगाच्याही आधी आकडा खरा हवा. सरासरी ओलावा काढताना केंद्रांच्या ओलाव्यांची साधी सरासरी चालत नाही. एका केंद्रावर ४० क्विंटल माल १० टक्क्यांचा आला आणि दुसऱ्यावर १६० क्विंटल १४ टक्क्यांचा. साधी सरासरी १२, म्हणजे मर्यादेत. प्रत्येक क्विंटलला त्याचा ओलावा लावून भागाकार केला तर ४०० अधिक २२४० म्हणजे २६४०, भागिले २००, उत्तर १३.२. गोदामात जो ढीग लागणार आहे तो १३.२ टक्क्यांचा आहे. मॅट्रिक्सच्या बेरजेच्या ओळीत साधी सरासरी असेल, तर तिथे 'ठीक'चा निळा रंग येईल आणि आत ओला माल थप्पीला लागेल. क्विंटलने वजन दिलेलं मेजर लिहिलं की केंद्राच्या ओळीतही आणि बेरजेतही योग्य आकडा येतो, आणि रंग त्याच्या मागोमाग येतो.

आता मुख्य गोष्ट. रूल्सच्या चौकटीत मर्यादेचा आकडा हाताने टाकावा लागतो. या मर्यादा कायमच्या नसतात. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनचा ओलावा १२ टक्क्यांपर्यंत चालायचा. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने त्या खरीप हंगामासाठी तो १५ टक्क्यांपर्यंत चालेल असं केलं. सोयाबीनचा हमीभाव २०२४-२५ ला ४,८९२ रुपये होता, २०२५-२६ ला ५,३२८ झाला. तुरीचा ७,५५० वरून ८,००० वर गेला, लांब धाग्याच्या कापसाचा ७,५२१ वरून ८,११० वर. कापसात तर ओलाव्याच्या दोन पायऱ्या आहेत. सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यापुढे १२ पर्यंत भाव कमी होत जातो आणि १२ च्या वर माल घेतच नाहीत. इतक्या मर्यादा प्रत्येक तक्त्याच्या, प्रत्येक चार्टच्या रूल्समध्ये कोंबून ठेवल्या, तर सरकारचं एक पत्रक आलं की पूर्ण फाईल उलगडून बसावं लागेल.

म्हणून मी एक्सेलमध्ये 'मर्यादा' नावाची वेगळी शीट ठेवली आहे. तिच्यात पीक, माप, कोणत्या तारखेपासून, खालची मर्यादा, वरची मर्यादा एवढेच रकाने. पॉवर बीआय ती शीट इतर नोंदींसोबत वाचतं. मग प्रत्येक मापासाठी एक 'स्थिती' मेजर. ते त्या पिकाची आणि त्या तारखेला लागू असलेली मर्यादा शोधतं आणि १, २ किंवा ३ एवढंच उत्तर देतं. १ म्हणजे ठीक, २ म्हणजे लक्ष ठेवा, ३ म्हणजे आजच हालचाल करा. सगळ्यांत शेवटी रंगाचं मेजर, जे १, २, ३ ला रंगाच्या कोडमध्ये बदलतं. फील्ड व्हॅल्यूमध्ये हे रंगाचं मेजर द्यायचं. मर्यादा बदलली की शीटमध्ये नवी ओळ टाकायची, फाईल रिफ्रेश करायची, आणि सगळीकडचे रंग बदलतात. जुन्या तारखांचा माल जुन्या मर्यादेनेच रंगतो, हा त्यातला मोठा फायदा. ती शीट आमचे ग्रेडर स्वतः वाचतात आणि दुरुस्त करून घेतात. डॅक्सचं सूत्र त्यांनी वाचायची गरजच राहत नाही.

चार्टकडे वळते. बारचार्टमध्ये एकच मेजर असेल तर बारच्या रंगापुढे तेच एफएक्स मिळतं आणि तेच रंगाचं मेजर तिथेही चालतं. लेजंडच्या, म्हणजे कोणता रंग कशाचा ते सांगणाऱ्या यादीच्या, जागेत पिकाचं नाव ओढलं की ती वाट बंद होते, कारण रंग आता पिकाची ओळख सांगायच्या कामाला लागलेला असतो. एकाच चार्टमध्ये दोन-तीन मेजर टाकले, तर प्रत्येक मेजरला त्याचा एक ठरलेला रंग मिळतो: ओलावा निळा, काडीकचरा पिवळा. आपल्याला तर प्रत्येक बार त्याच्या मर्यादेप्रमाणे रंगलेला हवा असतो.

इथे मला सगळ्यांत भरवशाचं वाटलेलं काम म्हणजे मेजर फोडणं. 'सरासरी ओलावा' या एका मेजरचे तीन करायचे. 'ओलावा ठीक' हे मेजर स्थिती १ असेल तरच आकडा देतं, नाहीतर रिकामं राहतं. 'ओलावा लक्ष' स्थिती २ ला, 'ओलावा वाळवा' स्थिती ३ ला. तिन्ही एकाच स्टॅक्ड कॉलम चार्टमध्ये, म्हणजे आकडे एकावर एक रचणाऱ्या उभ्या बारच्या चार्टमध्ये, टाकायचे. एका केंद्राला तिघांपैकी एकच आकडा असतो, म्हणून बार एकच दिसतो आणि त्याला हवा तो रंग असतो. मेहनत जास्त आहे, पण एफएक्सने न मिळणारी एक गोष्ट यात मिळते. चार्टच्या डोक्यावर लेजंड आपोआप येतं आणि त्यात रंगापुढे 'वाळवा' असं लिहिलेलं असतं. एफएक्सच्या रंगांना असं लेजंड नसतं. रंगांचा अर्थ वेगळी मजकुराची चौकट टाकून सांगावा लागतो. ॲनालिटिक्सच्या पट्टीतून १२ वर एक आडवी रेघ मारली, की कोणतं केंद्र किती वर गेलं हे लांबून दिसतं.

पण फोडलेले मेजर घेऊन सगळी मापं एकाच अक्षावर घालू नका, असं मी आग्रहाने सांगेन. आवक शेकड्यांत, ओलावा दहा-पंधरात, काडीकचरा एक-दोनात. एकत्र टाकले तर काडीकचऱ्याचा बार दिसतच नाही, मग त्याला कितीही चांगला रंग द्या. आडव्या बारचे चार लहान चार्ट शेजारी, चारही ठिकाणी केंद्रांचा क्रम एकच, रंगांचा अर्थ एकच. आमच्या बैठकीत हे पान सगळ्यांत लवकर वाचलं जातं. नजर एका केंद्राच्या ओळीतून सरळ उजवीकडे जाते आणि लगेच प्रश्न येतो: इथे ओलावा ठीक आहे, मग चुकारा काहून अडकला?

जागा कमी असेल तर फील्ड पॅरामीटर हा दुसरा मार्ग आहे. ही सोय २०२२ च्या मे महिन्यात आली. वर चार बटणं, खाली एकच चार्ट; बटण दाबलं की माप बदलतं. रंगाच्या मेजरला मात्र कोणतं बटण दाबलं आहे ते कळायला हवं. त्यासाठी पॅरामीटरच्या नावाचा रकाना विचारला तर पॉवर बीआय चूक दाखवतं, कारण तो रकाना आतून दुसऱ्या रकान्याशी जोडलेला असतो. पॅरामीटरच्याच तक्त्यात क्रमाचा एक रकाना असतो, ० पासून सुरू होणारा. डॅक्समधल्या सिलेक्टेडव्हॅल्यू या फंक्शनने तो क्रम विचारायचा आणि स्विच या फंक्शनने ठरवायचं: ० असेल तर ओलाव्याची स्थिती, १ असेल तर काडीकचऱ्याची, असं पुढे. टीव्हीवर दाखवायला हे पान छान आहे. कागदावर छापायला निरुपयोगी, कारण कागदावर एकच बटण दाबलेलं राहतं.

आणि आमच्याकडे कागदच जास्त फिरतो. केंद्राच्या भिंतीवर जो कागद लागतो तो झेरॉक्सच्या दुकानातून काळा-पांढरा निघतो. त्यात लाल आणि हिरवा जवळपास एकाच राखाडी रंगात येतात. शिवाय लाल-हिरव्यातला फरक न कळणं पुरुषांत बऱ्यापैकी आढळतं, आणि आमच्या मंडळात तसे एक दादा आहेत. म्हणून ठीकला गडद निळा, लक्ष ठेवायला फिकट राखाडी आणि हालचालीला केशरी असे रंग मी ठरवले, आणि मॅट्रिक्समध्ये रंगासोबत चिन्हही दिलं. चिन्हांना त्याच स्थितीच्या मेजरवर रूल्स लावता येतात: ३ असेल तर वर टोक असलेला त्रिकोण. काळ्या-पांढऱ्या कागदावरही त्रिकोण शाबूत राहतो.

एक्सेलशी तुलना करायची तर, तक्त्यातल्या चौकटींना रंग द्यायला एक्सेल पुरेसं आहे, आणि ज्यांची दोन-तीन केंद्रं आहेत त्यांनी तिथेच थांबायला हरकत नाही. एक्सेलच्या चार्टला मात्र अटींचे रंग मुळातच नाहीत. तिथेही रकाने फोडून तीन सिरीज कराव्या लागतात, आणि त्या प्रत्येक नव्या चार्टसाठी मांडाव्या लागतात. पॉवर बीआयमध्ये स्थितीचं मेजर एकदा लिहिलं की सगळ्या पानांवर चालतं. फरक एवढाच आहे, पण हंगामात तो फार मोठा ठरतो.

पॉवर बीआय डेस्कटॉप फुकट आहे, विंडोजवरच चालतं, आणि आमच्या ८ जीबीच्या संगणकावर बरं चालतं. दर महिन्याला नवी आवृत्ती येते. ऑनलाइन टाकून इतरांना पाहायला द्यायचं असेल, तर कंपनीच्या नावाचा ईमेल लागतो, जीमेलने खातं निघत नाही, आणि प्रो परवान्याला एप्रिल २०२५ पासून माणशी महिना १४ डॉलर पडतात. दहा संचालकांसाठी तो खर्च आमच्या आवाक्यातला नाही. आम्ही डेस्कटॉपमधूनच पीडीएफ काढतो आणि व्हॉट्सॲपवर पाठवतो. रंग आणि चिन्हं जशीच्या तशी जातात. बारवर बोट ठेवून आतले आकडे बघायची सोय मात्र पीडीएफमध्ये राहत नाही. म्हणून शेवटच्या पानावर मी एक साधा तक्ता ठेवला आहे. त्याला स्थितीच्या मेजरवर 'बरोबर ३' असा फिल्टर लावला आहे. त्यात फक्त मर्यादेबाहेर गेलेली केंद्रं येतात: केंद्राचं नाव, पीक, आकडा आणि त्या दिवशी लागू असलेली मर्यादा. आमचे ग्रेडर पीडीएफ उघडली की आधी त्याच पानावर जातात.